सावंतवाडी ते सिरोंचा: नकाशावर ७३० किलोमीटर, प्रत्यक्षात किती तास?

प्रश्न थोडक्यात असा: सावंतवाडीचं साठीच्या पुढचं जोडपं. मुलगी गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याला नोकरीवर रुजू झाली आहे, तिच्याकडे पहिल्यांदाच जायचं आहे. अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन्ही गावांची नावं टाकली, तर '७३० किमी, विमानाने ५५ मिनिटे' असं उत्तर आलं. नकाशाचं ॲप मात्र रस्त्याने नऊशेच्या आसपास दाखवतंय. यातलं खरं अंतर कोणतं, आणि ५५ मिनिटांत पोचवणारं ते विमान कुठून मिळेल?

दोन्ही अंतरं खरी आहेत. पण तसं विमान नाही, कारण सिरोंच्याला विमानतळच नाही. संकेतस्थळाने काय केलं? दोन गावांमधलं हवाई, म्हणजे सरळ रेषेतलं अंतर काढलं आणि त्याला ताशी ८०० किलोमीटरने भागलं. ७३० भागिले ८०० म्हणजे पाऊण तासाच्या थोडं पुढे, ५५ मिनिटं. तिथे धावपट्टी आहे का, विमानसेवा आहे का, हे तो हिशोब बघतच नाही. कुठल्याही दोन आडगावांची नावं टाका, तो असंच उत्तर देईल. म्हणून तुमचा खरा प्रश्न किलोमीटरचा नाहीच. सावंतवाडीच्या घरातून निघून सिरोंच्याच्या घरात पाऊल टाकेपर्यंत किती तास लागतील आणि मधला पल्ला कुठून कापायचा, हा खरा प्रश्न आहे.

तरीही हवाई अंतर कसं निघतं ते आधी सांगतो, कारण विमानतळ निवडायला तेच उपयोगी पडतं. सावंतवाडी आहे १५.९० अंश उत्तर, ७३.८२ अंश पूर्व. सिरोंचा १८.८४ उत्तर, ७९.९७ पूर्व. अक्षांशांतला फरक २.९४, रेखांशांतला ६.१५. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तो कुठेही जवळपास तेवढाच. रेखांशाचा अंश उत्तरेकडे जावं तसा आखडत जातो. आपल्या या पट्ट्यात, १७ ते १८ अंशांवर, तो १०६ किलोमीटरचा धरा. म्हणजे उत्तरेकडे ३२६ आणि पूर्वेकडे ६५२ किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा: ७२९. शाळेतलं पायथागोरस इथे पुरतं. हजारेक किलोमीटरपर्यंत पृथ्वीच्या गोलाईने पडणारा फरक आपल्या कामाला नगण्य असतो. मुंबई ते न्यूयॉर्क काढायचं असेल तर मात्र हा हिशोब पार चुकेल, तिथे गोलावरचंच सूत्र लागतं.

यात एक चूक फार जण करतात. जुन्या नकाशांवर आणि गॅझेटियरमध्ये अंश-कला लिहिलेल्या असतात. सावंतवाडी १५ अंश ५४ कला म्हणजे १५.९०, १५.५४ नव्हे. कलांना ६० ने भागायचं असतं. ५४ हा आकडा तसाच दशांशात ठेवला तर गाव नकाशावर चाळीस किलोमीटर दक्षिणेला, गोव्यात, म्हापशाच्या आसपास जाऊन पडतं.

आता विमानतळ. तुमच्या बाजूला तीन आहेत. मोपा, म्हणजे गोव्यातला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, बांद्यामार्गे साधारण ३० किलोमीटर, पाऊण तास. चिपी, म्हणजे सिंधुदुर्गचा विमानतळ, कुडाळमार्गे ४५ च्या आसपास. आणि गोव्यातलाच दाभोळी, ८५ ते ९०, वाटेत म्हापसा-पणजीची गर्दी धरून दोन-सव्वादोन तास. तिकीट काढताना 'गोवा' एवढंच बघून पुढे जाऊ नका. मोपाचा कोड जीओएक्स, दाभोळीचा जीओआय. शेवटच्या अक्षराची गल्लत झाली, तर ज्या दिवशी पाऊण तासात पोचायचं त्या दिवशी झुआरी पुलापलीकडे धावावं लागतं, आणि विमान काही थांबत नाही.

सिरोंच्याच्या बाजूचा विचार करताना बहुतेक मराठी माणसांच्या मनात पहिलं नाव येतं नागपूरचं. गडचिरोली जिल्हा, विदर्भ, म्हणून नागपूर. इथेच दिवस वाया जातो. सिरोंचा हे प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावरचं गाव आहे. नदी ओलांडली की तेलंगण. गडचिरोली हे जिल्ह्याचं ठिकाणच तिथून सुमारे २०० किलोमीटर लांब. सरळ रेषेत मोजलं तर सिरोंच्याहून हैदराबादचा विमानतळ २४० किलोमीटर आणि नागपूरचा २६७, म्हणजे फरक फारसा नाही. रस्त्याने मात्र हैदराबादच्या विमानतळापासून साधारण ३०० पडतात, नागपूरहून ३७५ च्या आसपास.

सरळ अंतर आणि रस्त्याचं अंतर यांचं हे गुणोत्तर मी प्रत्येक प्रवास आखताना बघतो. सपाट, चांगल्या महामार्गांच्या मुलखात रस्ता सरळ रेषेच्या सव्वापट असतो. घाट, जंगल, मोजकेच पूल असले की दीडपटीकडे जातो. हैदराबादकडून ते सव्वापट येतं, नागपूरकडून १.४ पट. शिवाय नागपूरकडचे शेवटचे शंभर किलोमीटर, आलापल्ली ते सिरोंचा, दाट जंगलातून जातात. तिथे गाडीचा सरासरी वेग घसरतो आणि अंधार पडल्यावर तो पल्ला टाळलेलाच बरा. हैदराबादकडून करीमनगरपर्यंत मोठा राजीव महामार्ग आहे, पुढे पेद्दापल्ली, मंथनी करत कालेश्वरम, आणि तिथून गोदावरीवरच्या पुलाने सिरोंचा.

आता हवेतला भाग जोडून बघा. मोपा ते हैदराबाद ५१४ किलोमीटर, तिथून सिरोंचा २४०, बेरीज ७५४. थेट रेषा ७३० ची. म्हणजे हैदराबाद तुमच्या वाटेवरच आहे, वळसा जेमतेम २५ किलोमीटरचा. नागपूर धरलं तर ८०९ अधिक २६७, एकूण १०७६. आडगावाचा प्रवास आखताना हीच कसोटी लावा. विमानतळ मुक्कामाच्या किती जवळ आहे एवढंच बघू नका. तो घर आणि मुक्काम यांच्या रेषेवर आहे का, तेही बघा. हैदराबाद दोन्ही कसोट्यांना उतरतं.

विमानाच्या वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिकिटावरची वेळ आणि हवेतली वेळ वेगळ्या असतात. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम: विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहीपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरताना रांग लावणं हे सगळं त्यात येतं. जेट विमान ताशी ८०० च्या वर जातं ते फक्त वर पोचल्यावर, आणि ५१४ किलोमीटरच्या पल्ल्यात ते त्या उंचीवर फार वेळ राहतच नाही. अर्धं अंतर चढण्या-उतरण्यातच जातं. म्हणून माझा अंदाज असा असतो: अंतराला ८०० ने भागायचं आणि वर अर्धा तास घालायचा. ५१४ ला ३९ मिनिटं, अधिक ३०, म्हणजे ६९. विमान कंपन्या वेळ पाळल्याची नोंद राहावी म्हणून अजून पाच-दहा मिनिटं जास्त दाखवतात. त्यामुळे तिकिटावर सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं दिसतील.

पंख्याचं एटीआर जातीचं छोटं विमान असेल तर त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. चढ-उतारात ते कमी वेळ घालवतं, म्हणून वरचे मिळवायचे ते वीस-पंचवीस मिनिटंच. दीड तास धरा. चिपीहून हैदराबादला एटीआरची सेवा सुरू झाली होती, पण छोट्या विमानतळांवर वार आणि वेळा सतत बदलतात. तुमच्या तारखेला ती चालू असेल तर चिपीचा छोटा, मोकळा विमानतळ वयस्कर माणसांना सोपा पडतो. पण ते विमान रद्द झालं तर त्या दिवशी दुसरं मिळेलच असं नाही. मोपाहून पर्याय जास्त.

जाता आणि येता वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसला तर गोंधळू नका. हिवाळ्यात वरच्या थरांत वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे हैदराबादला जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. पावसाळ्यात आपल्या द्वीपकल्पावर उंचावर पूर्वेकडचे वारे असतात, तेव्हा उलटं.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशोब. सावंतवाडी ते मोपा पाऊण तास, त्यात पंधरा मिनिटं जास्तीची धरून एक तास. विमानाच्या दोन तास आधी पोचा. देशांतर्गत उड्डाणाचे काउंटर बहुतेक कंपन्या एक तास आधी बंद करतात आणि बोर्डिंगचं गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. विमान एक तास वीस मिनिटं. हैदराबादला उतरून बॅग हातात येऊन गाडीत बसेपर्यंत पाऊण तास. विमानतळ मोठा आहे, चालणं बरंच. तिथून सिरोंच्यापर्यंत ३०० किलोमीटर, जेवण आणि दोनदा थांबणं धरून साडेसहा तास. शमशाबादचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला आणि तुम्हाला जायचंय उत्तरेला, म्हणून गाडीवाल्याला शहरातून न्यायला सांगू नका. बाहेरच्या रिंगरोडने जा; टोल पडतो पण तास वाचतो. सगळं मिळून साडेअकरा तास. त्यात जमिनीपासून सुटून तुम्ही हवेत असता तो वेळ तासाभराचाही नाही.

रस्त्यानेच जायचं ठरवलं तर आंबोलीवरून बेळगाव, पुढे विजयपूर, कलबुर्गी, हैदराबाद, अशी साधारण ९०० किलोमीटर. ताशी सरासरी ५० धरली तरी अठरा तास चाकं फिरणार. एका दिवसाचं काम नाही. हैदराबादला मुक्काम हवाच. सामान खूप असेल किंवा चौघं-पाच जण असाल तरच हे परवडतं. दोघांसाठी आणि तुमच्या वयाला मी हे सुचवणार नाही.

विमान कुठल्या वेळेचं घ्यायचं, यावर बाकी सगळं ठरतं, आणि इथे सूर्याचाही विचार करा. सिरोंचा सावंतवाडीच्या सहा अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने तिथे सूर्य जवळजवळ पंचवीस मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात गाव उत्तरेलाही असल्याने हा फरक अर्ध्या तासाचा होतो. घड्याळ तेच, पण कोकणात सहाला जेवढा उजेड उरलेला असतो तेवढाच तिथे डिसेंबरात साडेपाचला उरतो. म्हणून हैदराबादला सकाळी साडेदहाच्या आत उतरणारं विमान मिळालं तरच त्याच दिवशी पुढे निघा. अकराच्या आसपास गाडीत बसलात तर साडेपाचपर्यंत पोचाल. दुपारनंतरचं विमान असेल तर हैदराबाद किंवा करीमनगरला मुक्काम करा आणि सकाळी निघा. मंथनीच्या पुढचा रस्ता अनोळखी माणसाने अंधारात शोधत जाण्यासारखा नाही.

गाडीचं भाडं जड वाटत असेल तर रेल्वेचा मार्ग चांगला आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. सिरोंच्याला जवळचं स्टेशन मंचेरियाल, काझीपेठ-बल्लारशा मार्गावरचं. तिथून चेन्नूरमार्गे प्राणहितेवरच्या पुलाने सिरोंचा सुमारे ७० किलोमीटर, दीड-पावणेदोन तास. सिकंदराबादहून मंचेरियाल एक्सप्रेस गाडीने चार-साडेचार तास. विमानतळावरून 'पुष्पक' नावाच्या वातानुकूलित बस सिकंदराबादच्या बाजूला जातात. रात्री सिकंदराबादला राहायचं, सकाळची गाडी पकडायची आणि मुलीला मंचेरियालला गाडी घेऊन यायला सांगायचं. पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर सहा तास मोटारीत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डब्यात उठून चार पावलं चालता येतं, स्वच्छतागृहासाठी ढाबा शोधावा लागत नाही.

गाडी ठरवताना एक गोष्ट आधी विचारा: 'गाडीला महाराष्ट्रात यायचा परमिट आहे का?' सिरोंचा पूल ओलांडून दुसऱ्या राज्यात आहे, हे हैदराबादच्या ड्रायव्हरच्या लक्षात वाटेत येतं आणि मग तो कालेश्वरमलाच उतरवतो किंवा वरचे पैसे मागतो. ऑल इंडिया परमिटची गाडी मागा. भाडं ठरवताना ड्रायव्हरचा परतीचा रिकामा पल्ला, टोल आणि राज्याचा कर त्यात धरलाय का, हे फोनवरच स्पष्ट करून घ्या. मोडकं हिंदी चालतं, पण मंथनीपासून पुढे तेलुगूच जास्त. सिरोंच्यातही बाजारात तेलुगू ऐकू येईल, बिचकू नका. मुलीच्या शेजाऱ्याचा किंवा कार्यालयातल्या कुणाचा नंबर ड्रायव्हरला देऊन ठेवा. शेवटचा पत्ता तेलुगूत दोन वाक्यांत समजतो.

थेट विमान नसेल आणि मुंबई किंवा बंगळूरूवरून बदलायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं बुडालेलं तिकीट तुमच्या अंगावर. एकाच पीएनआरवर असेल तर पुढचं विमान देणं कंपनीचं काम, आणि बॅगही सहसा शेवटपर्यंत जाते. तरी मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. मुंबईत टर्मिनल बदलावं लागत असेल तर तीन.

मुलीकडे जाताय म्हणजे सामानात काय असणार ते कळतंय. देशांतर्गत विमानात सहसा १५ किलो काउंटरवर आणि ७ किलो हातात. आंब्याची पेटी काउंटरवरच्या वजनात मोजली जाते. गवत घालून, दोरीने आडवी-उभी बांधा, लाकडी फळीला खिळा बाहेर आलेला नको. कोकमाचं आगळ, लोणचं, तेल हातातल्या पिशवीत अडवतात, ते मोठ्या बॅगेत, बाटलीच्या तोंडावर प्लास्टिक ताणून मग झाकण लावून. आणि सुकं खोबरं नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि बहुतेक कंपन्या बॅगेतही ठेवू देत नाहीत. तपासणीत बॅग उघडायला लावून वाट्या काढून घेतात.

इथवरचं थोडक्यात: मोपा ते हैदराबाद सकाळचं थेट विमान, पुढे राजीव महामार्ग-कालेश्वरमने मोटार, एकूण साडेअकरा तास. किंवा हैदराबादला मुक्काम आणि सकाळच्या रेल्वेने मंचेरियाल, पुढे ७० किलोमीटर. वेळ दीड दिवस, शरीराला आराम जास्त. नागपूर फक्त तिथे दुसरं काम असेल तरच.

हे सगळं नोव्हेंबर ते मे या काळाला लागू. जुलै-ऑगस्टमध्ये हिशोब बदलतो. गोदावरी, प्राणहिता आणि खाली इंद्रावती अशा तीन मोठ्या नद्यांचा हा मुलूख. जुलै २०२२ मध्ये सिरोंचा तालुक्यात पुराने मोठं नुकसान झालं. मोठे पूल उंच आहेत, ते सहसा उभेच असतात. अडकतं ते अलीकडच्या-पलीकडच्या लहान नाल्यांवर, जिथे रस्ता खाली उतरतो आणि वरून पाणी जातं. मोठा पूल चालू आहे असं कळलं तरी नाल्यांचं स्वतंत्र विचारा. आदल्या संध्याकाळी मुलीला फोन करून एवढंच विचारायचं: आज चेन्नूरकडून आणि कालेश्वरमकडून, दोन्हीकडून गाड्या आल्या का? एकीकडून आल्या असतील तर तीच बाजू धरा. कुठूनच नाही, तर हैदराबादहून हलू नका. त्या काळात मोपालाही ढग खाली येऊन विमानं दुसरीकडे वळवली जातात, म्हणून पावसाळ्यात पोचण्याचा दिवस आणि कामाचा दिवस यांच्यात एक रिकामा दिवस ठेवा. महाशिवरात्रीला कालेश्वरमला मोठी गर्दी असते, आणि २०१५ नंतर बारा वर्षांनी म्हणजे २०२७ च्या पावसाळ्यात गोदावरी पुष्करम, म्हणजे नदीस्नानाचा मोठा सोहळा, येतोय. त्या दिवसांत कालेश्वरमचा रस्ता सोडून चेन्नूरचा घ्या.

परतीचा हिशोब उलटा मांडावा लागतो, आणि तो जास्त कडक असतो, कारण शेवटी विमान आहे. सिरोंच्याहून सकाळी सहाला निघालात तर हैदराबादच्या विमानतळावर साडेबारा. त्यात टायर पंक्चर, करीमनगरची गर्दी, एखादा मोर्चा यांच्यासाठी दीड तास घाला. दोन वाजले. विमानाच्या आधीचे दोन तास त्यात मिळवा. म्हणजे चारच्या आधीचं विमान घेऊ नका. आणि गाडी सकाळी येईल या भरवशावर राहू नका. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सिरोंच्याला बोलावून त्याच्या झोपायची सोय करा.